झिरोचा बल्ब आणि घनसाळचा भात

घरात एखादं बटण चालू राहिलं की आमच्या ह्यांच्या पोटात कळ येते. दारावरच्या पाटीवर महावीर पाटील असं नाव आहे. लिहायला हरकत नाही, उच्चारायला मात्र इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माझी जीभ रेटत नाही. वारणानगरची नोकरी संपवून आम्ही कोल्हापुरात फ्लॅट घेतला, आणि दुसरं काम नसल्यामुळे ह्यांनी वीज वाचवायला घेतली. गीझर आंघोळीपुरता. टीव्ही बंद केला की भिंतीवरचं बटणही बंद. मशीन पोटभर कपडे साठल्याशिवाय लावायचं नाही. फ्रिजचं दार उघडून मी जरा विचारात पडले, की मागून आवाज यायचा, "आदी ठरव, मग उघड की." हे सगळं शहाणपणाचंच होतं, त्यामुळे मला धड भांडताही येत नसे.

स्वयंपाकघरात फक्त झिरोचा बल्ब. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार; मग तिथं मोठा दिवा हवाच कशाला? सोसायटीच्या मीटिंगमध्येही ह्यांनी हे ऐटीत सांगितलं होतं.

आणि नेमके माझेच डोळे फितूर झाले. उन्हाळ्यापासून सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसू लागलं. तांदूळ निवडताना किडा कुठला आणि काळा दाणा कुठला ते कळेना. भांड्यात जीव जाऊ नये म्हणून आमच्याकडे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे फोडून धान्य निवडलं, आणि माझ्या हातून तो गेला तर? ह्यांना सांगावं, तर स्वयंपाकाला बाई ठेवतील. माझ्या ओट्याशी परकी बाई उभी राहिलेली मला बघवणार नव्हती. म्हणून मी जेवणच अलीकडे ओढत आणलं.

"पद्मा, तुझा सूर्य रोज लवकर मावळाय लागलाय," हे म्हणाले.

"धर्म वाढलाय माजा."

"वाढू दे की. पर मला रात्री भूक लागतीया, त्येचं काय?"

श्रावणात एक दिवस दुपारीच अंधारून आलं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मी खिडकीशी बसून, बोटांनी चाचपत निवडला. भाताचा वास घरभर सुटला. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबला. बोटानं काहीतरी ताटाच्या कडेला सारलं आणि त्यावर लिंबाची फोड ठेवली.

"काय हुतं?" मी विचारलं.

"कडीपत्ता."

साध्या भातात कढीपत्ता कुठून येणार? पानात शीत टाकू न देणारा माणूस भरलं ताट ठेवून उठला आणि पोट गच्च झालंय म्हणाला. आता सकाळपर्यंत ह्यांच्या पोटात काही जायचं नव्हतं. जीव गेल्याचं पाप तर लागलंच. पण मला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस उपाशी राहिला, ते जास्त लागलं. ओट्याशी उभी राहून मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी हे वायरमनला घेऊन आले आणि ओट्यावर चांगली लांबलचक एलईडी ट्यूब बसवली. डब्यांवरचा तेलकटपणासुद्धा मला दिसला.

"बिल वाढंल की," मी म्हणाले.

"डोळं घालवून वाचवलेल्या विजेचं लोणचं घालू काय? सोमवारी डॉक्टरकडं जायचं हाय. मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी बाई ठिवली असती."

चष्मा पुसून ह्यांनी तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं. "सैपाक तुजाच. निवडायचं तेवढं माज्याकडं दे."

आणि निवडायला बसले. एकेक दाणा उजेडात धरून बघू लागले. मध्येच विचारायचे, "ह्यो जीव हाय काय गं?"

"मला इचारताय व्हय?"

एक किडा सापडला. तो कागदावर घेऊन हे बाल्कनीतल्या कुंडीत सोडून आले, तो चालतोय ना हे बघून मगच परतले. पुन्हा दाणे. मी भांडं घेऊन शेजारी बसून राहिले. घाई करा म्हणायचा धीर होईना. ताट पुरं निवडून झालं तेव्हा बाहेर दिवस मावळून गेला होता.

"आता?" हे म्हणाले.

"आता सकाळीच."

आम्ही दोघंही उपाशी झोपलो. इतकी सुखाची झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. ते मात्र ह्यांना सांगितलं नाही. नाहीतर रोजच उशीर केला असता.