चार वाजता उघडणारी खिडकी

चार वाजायला दोन मिनिटं होती आणि डायलिसिसच्या हॉलमध्ये कुणी चकार शब्द काढत नव्हतं. एरवी दुपारच्या पाळीत तिथे नुसता कालवा असतो. नऊ खुर्च्या, नऊ मशीन, प्रत्येकाच्या डाव्या हातात दोन सुया आणि उजव्या हातात मोबाइल. चार तास हात हलवायचा नाही म्हटल्यावर माणूस मालिका बघण्यापलीकडे करणार तरी काय? पण गेले काही दिवस चार वाजत आले की सगळे आपापली मालिका थांबवत आणि पडद्यावर डोळे लावून बसत.

चार वाजले. एका खुर्चीतून टिंग असा आवाज आला, मग दुसरीतून, मग तिसरीतून. बघता बघता नऊच्या नऊ फोन वाजले आणि प्रत्येकावर एक निळी खिडकी उघडली.

"बघा, बघा!" दोन नंबरच्या मशीनवरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "नाव घेऊन बोलतात हो! 'पोस्टमास्तर, आज सातवा दिवस. तुमच्या आतला झरा पाझरू लागला आहे. त्याला पाणी द्या, त्याला घाबरू नका.' मी तर सगळं बंद करून ठेवलं होतं. ब्राउझरसुद्धा बंद. तरी आलेच!"

"ज्याला यायचं असतं त्याला दार लागत नाही," गाण्याच्या शिक्षिका असलेल्या बाई डोळे मिटून म्हणाल्या.

हे झरेबाबा. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. ते राहतात कुठे हे कुणाला ठाऊक नव्हतं. बंद पडलेली किडनी एकवीस दिवसांत जागी करतात एवढीच त्यांची ख्याती, आणि तीही त्यांनी स्वतःच सांगितलेली. अकराव्या दिवशी म्हणे मशीन सोडायची, पाणी हवं तेवढं प्यायचं आणि त्यांचे 'झरा-थेंब' घ्यायचे. थेंब अर्थात घरपोच येत. अंतर्ज्ञानी माणसाला पत्ता मात्र विचारावा लागे.

मशीन चालवणारी तंत्रज्ञ बाई सगळ्यांची ताई होती, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे पेशंटसुद्धा तिला ताईच म्हणत. ती त्या टिंगटिंगीकडे पाहत उभी होती आणि तिची नजर पुन्हा पुन्हा पाच नंबरच्या मशीनकडे जात होती. तिथे तिचा सख्खा दादा होता. शिवणकाम करून त्यानं तिला शिकवलं होतं. तोही फोन छातीशी धरून हसत होता. गेल्या तीन वर्षांत तिनं त्याला असं हसताना पाहिलंच नव्हतं.

पाणी. सगळी मेख पाण्यात होती. किडनी बंद पडली की प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही. ते आधी पायात उतरतं, मग फुप्फुसात चढतं. म्हणून या माणसांना दिवसाकाठी मोजून दोन-तीन पेले. घशाला कोरड पडली तर बर्फाचा खडा चघळायचा, नाहीतर ओल्या रुमालानं ओठ पुसायचे. अशा माणसाला कुणी म्हणालं, की बाबा रे, पोटभर पाणी पी, तर तो त्याच्या पायाशी लोळण घेणारच. झरेबाबाला काही येत असो वा नसो, तहान कुठे आहे ते बरोबर ठाऊक होतं.

सात नंबरचे बेकरीवाले सगळ्यांच्या पुढे होते. त्यांचा त्या गुरुवारी अकरावा दिवस होता. सुया काढताना त्यांनी जाहीर केलं, "ताई, शनिवारपासून माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या."

"भाऊ, वेड लागलंय का? दोन वेळा चुकवलंत तर जिवावर बेतेल."

"तुमची मशीन तुम्हाला लखलाभ," ते म्हणाले आणि सगळ्यांना रामराम करून गेले.

शनिवारी सात नंबरची खुर्ची रिकामी होती. चारच्या सुमारास त्यांचा पोस्टमास्तरांना फोन आला आणि पोस्टमास्तरांनी तो स्पीकरवर लावला. "अहो, इतकं हलकं वाटतंय! थकवा नाही, चक्कर नाही. आत्ताच माठातलं पाणी प्यायलो. पेलाभर. गार." हॉलमधल्या आठ जणांनी एकदम आवंढा गिळला. ताईला तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

"हलकं वाटणारच," ती दादाच्या नळ्या तपासत म्हणाली. "डायलिसिसच्या दिवशी अंग गळून जातं. ते चुकवलं म्हणून गळलं नाही, एवढंच. पाणी आत साठतंय ते आज नाही कळायचं."

"तुला सगळ्यात खोटच दिसते," दादा म्हणाला. "माझा अकरावा दिवस पुढच्या गुरुवारी आहे. तेव्हा मीही सोडणार. सांगून ठेवतो."

"दादा!"

"तीन वर्षं झाली गं. दिवसाआड तुझ्यासमोर हात पसरून बसायचं. आता पुरे."

तिला रडू आलं, पण तिथे रडायची सोय नव्हती. तिनं त्याचं ब्लड प्रेशर घेतलं आणि वहीत लिहिलं.

त्याच दिवशी पाळी संपल्यावर तिनं पोस्टमास्तरांचा फोन मागून घेतला. "हे बाबा तुमच्याकडे पहिल्यांदा आले कसे, ते सांगा मला. सुरुवातीपासून."

पोस्टमास्तरांनी आठवून आठवून सांगितलं. फुकट मालिका दाखवणाऱ्या एका साइटवर ते मालिका बघत होते. मध्येच एक जाहिरात उडी मारून वर आली: डायलिसिसच्या पेशंटसाठी आहाराचा तक्ता, मोफत. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी किडनी आणि आहार यांवर बरंच शोधलं होतं. त्यांनी ती लगेच पाळीच्या ग्रुपवर पाठवली; बेकरीवाल्यांनी त्याच दिवशी दाबली, पोस्टमास्तरांनी स्वतः चार दिवसांनी. "सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून हो!" ते म्हणाले.

"आणि तक्ता मिळाला?"

पोस्टमास्तर घुटमळले. "तक्ता... नाही. तो राहूनच गेला."

ताईनं ते पान स्वतःच्या फोनवर उघडलं. फॉर्ममध्ये नाव, वजन, डायलिसिसचे वार, पाळी सकाळची की दुपारची. खाली मोठं निळं बटण आणि शेजारी लाल अक्षरं: तक्ता पाहण्यासाठी 'अनुमती द्या' दाबा. ते बटण पाहताच तिच्या डोळ्यांसमोर सगळा हॉल उभा राहिला. एक हात सुयांनी बांधलेला, दुसऱ्या हातात फोन, मालिका ऐन रंगात आलेली आणि मध्येच ही खिडकी. वाचतंय कोण? अंगठ्याला जे बटण लागेल ते दाबायचं आणि पीडा घालवायची. शंभरदा तिनं त्यांना तसं करताना पाहिलं होतं.

तिनं फॉर्म भरला. नाव: वजनकाटाबाई. वार: मंगळ, गुरू, शनी. पाळी: दुपारची. मग 'अनुमती द्या' दाबलं, पान बंद केलं आणि ब्राउझरही बंद केला.

मंगळवारी सकाळी तिनं बेकरीवाल्यांच्या घरी फोन लावला. त्यांची बायको म्हणाली, "दोन रात्री बसूनच काढल्या त्यांनी. आडवं झालं की धाप लागते."

"वहिनी, त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन या. मी मशीन तयार ठेवते."

पलीकडे कुजबुज झाली. मग वहिनी म्हणाल्या, "ते नाही म्हणतात. बाबांनी सांगितलंय, म्हणे, झरा फुटताना छाती भरून येते."

त्यावर ताई काय काय बोलली ते तिला नंतर आठवलंही नाही. ओरडली, विनवण्या केल्या, डॉक्टरांच्या हातातही फोन दिला. बेकरीवाले आले नाहीत.

त्या दुपारी चार वाजता हॉलमधल्या आठ फोनांबरोबर ताईच्या खिशातला फोनही टिंग झाला. तिनं तो मोठ्यानं वाचला. "'वजनकाटाबाई, तुमची झोपलेली किडनी आज कुशीवर वळली आहे. मी तुम्हाला पाहतो आहे.' ऐकलंत? हा कोपऱ्यातला तुमचं वजन करायचा काटा. तुमच्या बाबांना त्याची किडनी दिसते!"

गाण्याच्या बाई खुदकन हसल्या. दोघंतिघं आणखी हसले. पण पोस्टमास्तर गोरेमोरे झाले आणि दादाचा चेहरा आंबट झाला.

"तू खोटं नाव टाकलंस," तो म्हणाला. "खोट्याला त्यांनी खोटं उत्तर दिलं. श्रद्धावानाला खरं देतात."

यावर माणसानं बोलावं काय? ताईनं फोन खिशात टाकला आणि ती पुढच्या मशीनकडे वळली.

बुधवारी बेकरीवाले गेले. हॉस्पिटलात आणलं तेव्हा छातीत पाणी भरलं होतं आणि हृदय थांबलं होतं. गुरुवारी हॉलमध्ये ती बातमी आधीच पोचली होती. कुणी मालिका लावली नाही.

दादा आला, पण बाही खाली ओढून बसला. "सुया नकोत," तो म्हणाला. "तू हट्ट धरलास म्हणून आलोय. बसेन आणि जाईन."

"बेकरीवाल्यांचं काय झालं ते माहीत आहे ना तुला?"

"शेवटी घाबरून हॉस्पिटलात गेले. विश्वास ढळला. आणि मशीनवर माणसं मरत नाहीत का? तूच सांग. मरतात की नाही?"

मरतात. हे तिनं पाहिलेलं होतं. तीन तास तो तसाच बसून राहिला. त्याचे घोटे सुजलेले तिला दिसत होते, कारण परवापासून त्यानं पाणी वाढवलं होतं. पाच नंबरची मशीन सज्ज होऊन उभी होती.

चारला पाच मिनिटं असताना दार ढकलून वहिनी आत आल्या. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. त्यांच्या हातात बेकरीवाल्यांचा फोन होता.

"ताई, हा वाजायचा थांबवा," त्या म्हणाल्या. "काल ते गेल्यावर वाजला. मी वाचलं नाही, माझ्यानं वाचवेना. बंद करून टाकायचा तर यात त्यांचे फोटो आहेत, आवाज आहे. हे वाजणं तेवढं थांबवा."

ताईनं हात पुढे केला, तोच चार वाजले. हॉलमधले फोन टिंगटिंग करत गेले आणि त्यांत तो वहिनींच्या हातातलाही वाजला. त्यांनी दचकून तो दादाच्या मांडीवर टाकला. जवळ तोच होता.

दादानं तो उचलला. खिडकीत लिहिलं होतं ते त्यानं वाचलं, आणि मग पुन्हा मोठ्यानं वाचलं, कारण एकट्यानं ते त्याच्या पचनी पडत नव्हतं. "'बेकरीवाले, अभिनंदन! आज अठरावा दिवस. तुमची किडनी जवळजवळ पूर्ण जागी झाली आहे. मी तुम्हाला पाहतो आहे. तुमचा चेहरा तेजानं उजळला आहे.'"

वहिनींनी पदर तोंडात कोंबला आणि त्या भिंतीशी खाली बसल्या. गाण्याच्या बाईंनी आपला फोन पालथा घातला. पोस्टमास्तर रडू लागले, अगदी लहान मुलासारखे. ती लिंक त्यांनीच पाठवली होती आणि हे त्यांना जन्मभर पुरणार होतं.

"पाहतो आहे," दादा पुटपुटला. "काय पाहतोय हा?"

"काहीच नाही," ताई त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "तिथे कुणी बसलेलंच नाही, दादा. एक यादी आहे. आपण भरलेलं नाव, आपण भरलेली पाळी. अठराव्या दिवशी काय पाठवायचं ते आधीच लिहून ठेवलंय. चार वाजले की आपोआप सुटतं. ब्राउझर बंद असला तरी येतं, कारण 'अनुमती द्या' दाबून ती परवानगी आपणच दिली. इकडे बघ."

तिनं बेकरीवाल्यांचा फोन हातात घेतला. ब्राउझर उघडून कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात सेटिंग, त्यात साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन. परवानगी दिलेल्या साइटची लांबच लांब यादी निघाली. झरेबाबा लॉटरीवाल्याच्या आणि केस उगवणाऱ्या तेलवाल्याच्या मध्ये बसले होते. तिनं त्या नावावर बोट ठेवलं आणि 'ब्लॉक करा' दाबलं. मग मागे येऊन, मध्येच उड्या मारणाऱ्या जाहिरातींसाठीचं 'पॉप-अप आणि रीडायरेक्ट' हे बटणही बंद केलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. ज्याला कुठलंच दार लागत नव्हतं, तो महापुरुष अर्ध्या मिनिटात गेला.

"एवढंच?" वहिनी खालून म्हणाल्या. "एवढंच होतं?"

ताईनं वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटोंसकट तो फोन त्यांच्या हातात दिला.

ती वळली तेव्हा दादानं बाही कोपरापर्यंत वर सारली होती. "उशीर झालाय ना?" तो म्हणाला. "पूर्ण चार तास घे."

तिनं सुया टोचल्या. मग आठही फोनांवर एकेक करून ती यादी उघडून दिली आणि प्रत्येकाला स्वतःच्या अंगठ्यानं 'ब्लॉक करा' दाबायला लावलं, म्हणजे पुढच्या वेळी तिची वाट बघत बसायला नको. वाचकहो, तुमच्याही फोनच्या त्या यादीत आज डोकावून पाहा आणि ज्यांना ओळखत नाही त्यांना बाहेर काढा. आणि पडद्यावर कुणी तुमचं नाव घेऊन औषध सोडायला सांगितलं, तर आधी हाडामांसाच्या डॉक्टरला विचारा. खिडकी तुमचं नाव सांगू शकते, कारण ते तुम्हीच तिला सांगितलेलं असतं. तुम्ही जिवंत आहात की नाही हे तिला माहीत नसतं.