माहेरचा काळोख

शेवट

तर झालं असं, की समितीने अर्ज फेटाळला. दुर्बीण मिळणार नाही. शेरा असा: 'कल्पना गमतीदार, पुरावा शून्य.'

जिचा अर्ज होता तिला संशोधन संस्थेत तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'हट्टी'. दोन्ही तिला ठाऊक होतं. दुसरं जास्त आवडायचं.

शेवटाच्या आधी

हट्टीचं म्हणणं असं, की महास्फोट ही सुरुवात नव्हेच. त्याआधी एक विश्व होतं. ते आकसत आकसत पार एवढंसं झालं आणि उसळून पुन्हा पसरलं. त्या चेंगराचेंगरीत ताऱ्यांचा भुगा झाला. टिकली फक्त कृष्णविवरं. मुळातच इतकी आवळलेली, त्यांना आणखी कोण आवळणार? आज आकाशगंगांना धरून ठेवणारं, कुणालाच न दिसणारं जे कृष्णद्रव्य आपण शोधतोय, ते म्हणजे हीच म्हातारी विवरं.

हे सगळं आईने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"म्हणजे माहेरून आणलेलं कपाट," ती म्हणाली. "घर नवं, कपाट जुनं."

हट्टीने ते वाक्य उचलून थेट समितीपुढे ठेवलं. तिथेच घात झाला. समितीच्या ध्यानात फक्त कपाट राहिलं.

शेवटाच्या नंतर

तिने फेरविचार मागितला. पुन्हा तीच खोली, तोच न पुसलेला फळा.

"या माहेरवाशीण!" अध्यक्ष म्हणाले. त्यांनीच तिला एकेकाळी शिकवलं होतं. शेजारच्या दोघी सदस्य बाई खुदकन हसल्या.

"हसून घ्या, सर. मग माझी चूक दाखवा."

"अगं, चूक दिसत नाही हीच पंचाईत आहे. काहीच दिसत नाही! न दिसणाऱ्या वस्तूला दुर्बीण कशाला?"

"विवर नाही दिसणार. पण ते ताऱ्यासमोरून सरकलं की भिंगासारखं त्याचा प्रकाश गोळा करतं. तारा थोडा वेळ ठळक होतो, मग पुन्हा होता तसा. मी ताऱ्यांवर पाळत ठेवणार."

"ठेव की. दुर्बिणीच्या रात्री कुठून आणू? रांग बघितलीस का बाहेर?"

"उरलेल्या द्या."

"उरलेल्या?"

"पौर्णिमेच्या आसपासच्या. चांदण्यात तुमच्या अंधूक आकाशगंगा बुडतात म्हणून तेव्हा दुर्बीण कुणी मागत नाही. माझे तारे ठसठशीत आहेत. त्यांना चंद्राचं काय भय?"

एका बाईंनी हसू आवरून वेळापत्रक उघडलं. त्या रात्री खरोखरच रिकाम्या होत्या.

सर पुढे वाकले. आता ते चेष्टा करत नव्हते. "आणि नाहीच काही सापडलं तर?"

उमेदीची सगळी वर्षं तिने या एका म्हणण्यावर लावली होती.

"तर विश्वाला माहेर नाही, हे मीच लिहीन. माझ्या नावानं. तुम्हाला तेवढीही तसदी नाही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"पौर्णिमेच्या घे," ते म्हणाले. "वर्षभर. आणि ते कपाट घरीच ठेव."

सुरुवात

"काय झालं?" आईने दारातच विचारलं.

"रात्री मिळाल्या. लख्ख चांदण्याच्या."

"काळोख शोधायला चांदण्यात जाणार? शहाणीच आहेस."

"हो," हट्टी चपला काढत म्हणाली. "थर्मास कुठं ठेवलायस?"