नवव्या स्पीडवरचा दिवाळसण

मार्तंडने लग्नाआधी प्रमोदिनीला एकच वचन दिलं होतं, आणि ते पाळायला अगदी सोपं होतं, कारण त्यात काही करायचंच नव्हतं. दिवाळसणाला रुसायचं नाही, बस्स.

प्रमोदिनीच्या माहेरी, धारला, जुनी रीत होती. पहिल्या दिवाळीला जावयाने जेवायच्या वेळी रुसून बसायचं आणि सासऱ्याने काहीतरी देऊन त्याची समजूत काढायची. राजगढचे थोरले जावई सहा वर्षांपूर्वी असे रुसले आणि बापूंच्या उशाजवळचा रेडिओ घेऊन गेले. बापू म्हणजे प्रमोदिनीचे वडील, रिटायर्ड हेडमास्तर. “खुशीने दिला,” ते सगळ्यांना सांगत. पण पुढे कित्येक दिवस संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला त्यांचा हात उशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. प्रमोदिनीने तो हात पाहिला होता.

“तुम्ही तसले नाही ना?” तिने विचारलं होतं.

“छे!” मार्तंड म्हणाला होता.

तो देवासच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातली खोट शोधायची असल्याने आपल्यात ती नसणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. शिवाय त्याने पोस्टाने व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स केला होता. बारापैकी सात धडे झाले होते. आठवा धडा चिकाटीवर होता.

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी पंधरा दिवस तो कामाने इंदूरला गेला आणि विटांचा व्हिडिओ गेम घेऊन आला. हातात मावेल एवढा, करड्या पडद्यावर वरून विटा पडणारा. दुकानदाराला त्याने भाच्यासाठी हवाय असं सांगितलं. मार्तंडला भाचा नव्हता. घरी सांगितलं, याने एकाग्रता वाढते. ती वाढलीही. प्रमोदिनी शेजारी बसून बोलत असली की तो विटांवरची नजर न हलवता “हं” म्हणायचा. त्याच्याकडे तीन प्रकारचे “हं” होते आणि तिन्ही अचूक जागी पडतात, असा त्याला अभिमान होता.

पाडव्याला धारमध्ये अभ्यंगस्नान झालं, ओवाळून झालं, आणि पानं वाढेपर्यंत मार्तंड मागच्या खोलीत खिडकीपाशी पेपर उघडून बसला. पेपरच्या आड गेम. आवाज बंद. त्या दिवशी विटा जणू त्याचंच ऐकत होत्या. आजवर आठव्या स्पीडच्या पुढे तो कधी गेला नव्हता. आज नववा लागला.

सासूबाई, म्हणजे माई, दारात आल्या. “जावईबापू, पानं वाढली आहेत. चलावं.”

“आत्ता नको.”

थोरले जावईही नेमके याच शब्दांनी सुरू झाले होते. माई हसू दाबत स्वयंपाकघरात परतल्या. “रुसले गं बाई!”

मग मेव्हणा आला, नीलेश. “चला ना जीजाजी, श्रीखंड पातळ होऊन राहिलं.”

“हं.”

“नाराज हो क्या भिया?”

“हं.” हा तिसऱ्या प्रकारचा होता, होकारार्थी.

शेवटी बापू आले. “मार्तंडराव, आमचं काही उणं राहिलं असेल तर मोकळेपणी सांगावं.” पेपर हलला नाही. त्याचं पानही बराच वेळ उलटलं नव्हतं. एवढं कडक रुसणं त्या घराने पाहिलं नव्हतं. बापू थोडा वेळ उभे राहिले. मग खिडकीत काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

त्याच वेळी विटा वरपर्यंत भिडल्या आणि डाव संपला. मार्तंडने पेपर खाली घेतला. दारात अख्खं घर उभं होतं. खिडकीत बापूंचं घड्याळ होतं, निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं. बापूंच्या उघड्या मनगटावर पट्ट्याच्या जागी पांढरा पट्टा उरला होता.

काय झालंय ते मार्तंडला टप्प्याटप्प्याने समजलं. आता दोनच रस्ते होते. ‘रुसलो होतो’ म्हणायचं आणि लोभी ठरायचं, किंवा बत्तीस वर्षांच्या क्वालिटी इन्स्पेक्टरला विटांच्या नादात सासऱ्याचं बोलणं ऐकू आलं नाही, हे कबूल करायचं. लोभाला निदान परंपरा होती. त्याचा हात घड्याळाकडे निघालासुद्धा.

प्रमोदिनी त्याच्याकडे पाहत नव्हती. ती बापूंच्या मनगटाकडे पाहत होती.

मार्तंडने हात मागे घेतला आणि पेपर बाजूला केला. गडबडीत कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि गेमने मोठ्या आनंदाने आपली धून वाजवली.

“अगं बाई, हे काय?” माई म्हणाल्या.

“गेम आहे. मी रुसलो नव्हतो. मला... ऐकूच आलं नाही.”

नीलेश पुढे सरसावला आणि गेमच्या पडद्यात डोकावला.

“कितव्या स्पीडला होता?” नीलेशने विचारलं.

“नवव्या.”

“क्या बात है भिया!”

त्या दिवशी मार्तंडची बाजू घेणारं एवढं एकच वाक्य निघालं, आणि ते निघालं नसतं तर बरं झालं असतं.

बापूंनी घड्याळ पुन्हा बांधलं. “मार्तंडराव, शाळेत असतो तर हे जप्त केलं असतं.”

“करावं, बापू.”

“नको. जेवायला चला.”

प्रमोदिनीने त्याला श्रीखंड वाढलं, पण आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्येही घाटाबिल्लोद येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “त्याला थांबवायचं बटण नसतं का हो?”

“असतं.”

“मग?”

कोर्सचा सहावा धडा ‘परिणामकारक संवाद’ हा होता. त्यातलं त्याला काहीही आठवलं नाही. “कधी दाबलं नाही,” तो म्हणाला.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. तशीच बाहेर बघत म्हणाली, “बी.एड.चा फॉर्म या महिन्यात भरायचाय.”

दुसऱ्या प्रकारचा “हं” ओठांपर्यंत आला. मार्तंडने तो गिळला. “कुठला फॉर्म?”

“मागच्या मंगळवारी सगळं सांगितलंय मी. तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

“पुन्हा सांग.”

तिने संशयाने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, वर्गातल्या मागच्या बाकावरच्याला सांगावं तशी. इंदूर येईपर्यंत मार्तंड ऐकत होता. मध्ये दोनदा त्याचा अंगठा आपोआप मांडीवर हलला. दुसऱ्यांदा हलला तेव्हा प्रमोदिनी बोलता बोलता थांबली आणि त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

मार्तंडने हात मांडीखाली दाबून धरला आणि म्हणाला, “हं... नाही, म्हणजे, पुढे काय?”