गरम लोखंडाचं माप

माझं डोकं लवकर तापतं, हे मला मान्य आहे. आईकडून आलंय ते. त्यामुळे आम्ही दोघी भांडायला लागलो की बाबा चपला घालतात आणि गुपचूप जिना उतरून खाली जाऊन उभे राहतात.

या वर्षी भांडायला विषय एकच होता. शाळेने नवीन सोय काढली होती: अकरावीत असतानाच आठवड्यातले तीन दिवस वर्ग आणि तीन दिवस एखाद्या कारागिराच्या हाताखाली काम. मी लेथ मशीनवरचं काम निवडलं. आई म्हणाली, एक ना धड भाराभर चिंध्या. मी म्हणाले, चिंध्या माझ्या आहेत, मी बघून घेईन. तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी तिने सही केली, पण अट घालून. दोन महिन्यांच्या चाचणीनंतर वर्कशॉपच्या मिस्त्रींनी सही करून मला ठेवून घेतलं तर ठीक. नाहीतर मुकाट सहाही दिवस वर्गात बसायचं आणि लेथचं नाव काढायचं नाही.

मिस्त्री साठीचे आहेत. मला ते ‘ठसका’ म्हणतात. पहिल्या दिवशी हातात झाडू दिला तेव्हा मी विचारलं होतं, मुलगी म्हणून का? ते म्हणाले, मुलग्यांनाही झाडूच देतो, धर. तेव्हापासून मी ठसका. लेथवर लोखंडाचा दांडा गरगर फिरतो आणि हत्याराने तो तासत तासत मापावर आणायचा. कमी करता येतं, वाढवता येत नाही. पहिल्यांदा माझ्या हातून लोखंडाची सलग, चकचकीत तार निघाली तेव्हा मला जो आनंद झाला, तो दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

सही केलेला फॉर्म शनिवारी एक वाजेपर्यंत शाळेच्या ऑफिसात द्यायचा होता. शुक्रवारी मिस्त्रींनी बेकरीवाल्या मावशींच्या पीठ मळायच्या यंत्राचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, मला करायला दिला. पहिल्यांदाच एकटीने. संध्याकाळी शेवटचा कट मारला, मायक्रोमीटर लावला, आकडा तंतोतंत. मी घरी जाऊन आईला ऐकवलं की उद्या सही घेऊन येते, बघच तू.

शनिवारी मी मिस्त्रींच्या आधी पोहोचले. किल्ली शेजारच्या टायरवाल्याकडे असते. दार उघडलं आणि हौसेने शाफ्टवर बेअरिंग घालून पाहिलं. ते खरं तर दाबून बसवावं लागतं. माझ्या शाफ्टवर ते सैल बांगडीसारखं सुळकन खाली गेलं.

मग उमगलं. काल माप घेतलं तेव्हा शाफ्टला हात लावता येत नव्हता, इतका तो तापला होता. तापलेलं लोखंड फुगतं. गार झाल्यावर ते आपल्या खऱ्या मापावर आलं होतं, अर्ध्या केसाएवढं कमी. मिस्त्रींनी हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं, खाली रेघ मारून. अक्कल म्हणतात ती हीच.

एक पळवाट होती. टोकदार पंचाने शाफ्टवर ठिपके ठोकले की लोखंड जरा वर येतं आणि बेअरिंग घट्ट बसतं. वरून काही कळत नाही. महिनाभर चालतं आणि मग यंत्र पुन्हा बंद. मी पंच उचलला. एक ठिपका मारलासुद्धा. त्या आवाजाची मला इतकी लाज वाटली की पंच जागेवर ठेवला आणि बाकावर बसून राहिले. डोळ्यांसमोर सारखी आई येत होती. ओरडणारी आई परवडते. ही गप्प होती.

मिस्त्री आले तेव्हा सगळं सांगून टाकलं, ठिपक्यासकट. त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. माझा फॉर्म उचलून टूलबॉक्सखाली सरकवला आणि म्हणाले, कोपऱ्यात दुसरा दांडा आहे, बेकरी बंद पडलीय, लाग कामाला. सही गेली, असं मी धरून चालले.

बारा वाजता बेकरीवाल्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. पीठ भिजवून ठेवलंय, कामगार बसून आहेत, किती वेळ, असं त्यांचं चालू होतं. साडेबाराला फक्त शेवटचा कट उरला. शाळा सायकलवर पंधरा मिनिटं. मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं, मावशींकडे पाहिलं.

“माप घे,” ते म्हणाले.

मी मायक्रोमीटर घेऊन हात जवळ नेला. आच लागली.

“अजून गरम आहे,” मी म्हणाले. “अर्धा तास लागेल.”

मावशींनी सुचवलं, पाणी मार की त्याच्यावर. मी म्हणाले, वरून गार होईल, आतून नाही, मग ते माप आणखीच फसवं. “थांबा थोडं, मावशी. काल मी थांबले असते तर आज तुम्हाला यावंच लागलं नसतं.” मावशी पुटपुटत स्टुलावर बसल्या.

“तुझा फॉर्म एक वाजेपर्यंतच घेतात ना?” मिस्त्रींनी विचारलं.

मी हो म्हणाले आणि मला रडू आलं. रागाचं होतं, पण राग माझा माझ्यावरच होता.

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. टूलबॉक्सखालून फॉर्म ओढला, उभ्याउभ्याच सही केली आणि माझ्यापुढे धरला.

“सायकल काढ. देऊन ये,” ते म्हणाले. “तोवर हे गार होईल. शेवटचा कट तूच मारायचाय.”