निरोपाचा केक आणि माझी मागची भिंत

मी एक जुना फ्रीज आहे, आणि मित्रांनो, माझी घरघर ऐकू येत असेल तर तो राग समजा.

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात एका औषधाच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. दुकान बंद झालं, तेव्हा अम्मानच्या एका नव्या कंपनीने मला आणलं. अर्ध्या तासात औषध दारात, हे तिचं वचन. कंपनी झपाट्याने वाढली. माणसं मात्र टिकेनात. दर गुरुवारी कोणीतरी नोकरी सोडायचं आणि त्याच्या निरोपाचा केक माझ्या पोटात यायचा.

माझ्यात एक खोड आहे. माझी मागची भिंत फार गार पडते. तिला टेकलेलं इन्सुलिन गोठतं. वितळल्यावर ते पूर्वीसारखंच दिसतं, पण गुण गेलेला असतो. हे ओळखलं फार्मासिस्ट रहफने. ती इन्सुलिनचे खोके भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायची, केक दिसला की बाहेर काढायची. नव्या माणसाला हे शिकवायची. तो शिकायचा आणि जायचा. शेवटी तीही थकली. तिने राजीनामा दिला.

तिच्या निरोपाचा केक सर्वांत मोठा होता. सकाळीच कोणीतरी तो आत कोंबला. दुपारी रहफने दार उघडलं, तर खोके मागे भिंतीला चिकटलेले.

"हे कोणी ठेवलं?"

"अगं, तुझाच केक तो!" मालक कुसय हसला. "खास पिस्त्याचा."

"इन्सुलिन गोठलंय. सगळं फेकायचं."

"वेडी आहेस का? जबल अल-ताज वस्तीतल्या त्या शाळकरी पोरीचं आहे ते. आईचा फोनवर फोन चाललाय. वितळेल की!"

"वितळेल. साखर उतरणार नाही. मग पोरीला काय टोचशील, केक?"

दारात डिलिव्हरीवाला अबू नायेफ उभा होता. "डॉक्टरीणबाई, मी रिकाम्या हाताने जाऊ?"

"नाही काका, चौकातल्या दुकानातून विकत घेऊन जा. उशीर होऊ दे. आईशी मी बोलते."

"आणि आपलं वचन?" कुसय ओरडला.

"ते तू घड्याळाला दिलंयस. पोरीला नाही."

तिने एकेक बाटली बेसिनमध्ये ओतली आणि केक न कापताच निघून गेली.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली आणि रविवारी नवा फार्मासिस्ट आला, मुईन. गुणी मुलगा. माझी खोड त्याला सांगायला कोणी उरलं नव्हतं. नाही, चुकलो. कुसय होता. त्याला सगळं माहीत होतं. त्याने एका हाताने फोन कानाला लावला, दुसऱ्या हाताने इन्सुलिनचे नवे खोके मागे रेटले आणि मुईनच्या स्वागताचा केक आत सरकवला.

मित्रांनो, मी घरघरतोय. मुईनला वाटतं, जुने फ्रीज असेच वाजतात. उद्या तुम्ही कंपन्या काढाल. तेव्हा जाणाऱ्याला केक देण्याआधी तो का जातोय ते विचारा. पण ते उद्याचं झालं. आत्ता अबू नायेफने गाडी चालू केली आहे, आणि मुईनचा हात माझ्या दारावर आहे. कोणीतरी त्याला सांगा रे, आधी मागच्या भिंतीला हात लावून बघ.