चाट, बाट, गाव, साप

देवीदास दोन्ही पोरींना घेऊन माझ्या ओट्यावर आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. श्रावणाचे दिवस होते. थोरली शकुन सहा वर्षांची, तिचा हात त्याच्या हातात. धाकटी सुभद्रा तीन वर्षांची, ती त्याच्या खांद्यावर झोपलेली.

"बाई, एक काम होतं."

"बस ना मंग."

तो बसला नाही. "तुमी लेकरायले शिकवता. शकुनले चिनी शिकवा."

माझी सारी नोकरी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत गेली. बाराखडी, पाढे, शिवण. मी म्हटलं, "अरे, मले कुठं येते चिनी?"

"शकुनले येते. पर विसरून राहिली. तीन महिन्यांत निम्मं गेलं. धाकटीचं तं सारंच गेलं."

"मंग तू बोल तिच्याशी. तुले तं येते."

तो सुपातल्या शेंगांकडे पाहत राहिला. "आता नाई येत," म्हणाला.

देवीदासला मी लहानपणापासून ओळखत होते. मोर्णेच्या काठी त्याच्या घरचा भाजीचा आणि झेंडूचा मळा, त्याला लागून माझं घर. विशीत तो रंगूनला गेला, लाकडाच्या वखारीत लागला, आणि तिथल्याच एका चिनी सुताराच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. यंदा तिकडे जपानी आले. चौघं पायी निघाली, अकोल्याला तिघं पोचली. शकुनची आई वाटेत पटकीनं गेली. कोणत्या गावाजवळ, किती दिवसांच्या आजारानं, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. घरी आला, दुसऱ्या दिवशी मोट धरली, आणि तेव्हापासून वाफ्यांना पाणीच देत होता.

"तिनं जाताना एकच म्हटलं," तो म्हणाला. "पोरीयले माह्या मायशी बोलता आलं पाह्यजे. म्हातारी लढाईच्या आधीच बोटीनं कलकत्त्याले पोराकडं आली. तिले चिनीबिगर काही येत नाई. दिवाळीनंतर येतो म्हणून पत्र आलं. एकदाच येईन. मंग काई तिच्यानं होणार नाई."

एवढं बोलून त्यानं शकुनचा हात सोडला आणि तो मळ्यात गेला. हे सगळं त्यानं बाजारातून मीठ आणायला सांगावं तशा आवाजात सांगितलं होतं. मलाही काही वाटलं नाही. त्या वर्षी रोज कोणी ना कोणी असा परत येत होता.

शकुन रडत नसे. हसतही नसे. पाणी दिलं तर पिई, नाही दिलं तर मागत नसे. मी तिला दोन दिवस काहीच विचारलं नाही. ती माझ्याजवळ बसून शेंगांच्या शिरा काढी, मी भाजी चिरी. तिसऱ्या दिवशी मी चहा केला आणि वाटी तिच्यापुढे सरकवून म्हटलं, "चा."

तिनं वर पाहिलं. "चा," ती म्हणाली. मग वाटीकडे बोट दाखवून पुन्हा, जरा खालच्या आवाजात, "चा."

त्यांच्याकडेही चाच म्हणतात. बापाला बाच म्हणतात. ते दोन शब्द आम्हाला फुकट मिळाले.

मग मी तिला सांगितलं, "शकुन, मले तुही बोली येत नाई. तू माही बाई, मी तुही पोट्टी. मले शिकव." तीस वर्षं पोरींना शिकवून मला एवढं कळलं होतं की लहान लेकराला विचारलं की ते मिटतं, आणि आपण चुकलो की ते उघडतं. म्हणून परीक्षा नाही, पाठांतर नाही, 'पुन्हा म्हण' तर नाहीच. वांगं हातात आलं की वांगं, पाणी सांडलं की पाणी. मी म्हणे, ती मान हलवी, पुन्हा म्हणून दाखवी आणि म्हणताना हात हवेत वर-खाली करी. मला वाटे, माश्या हाकलते आहे. श्रावणात माश्या फार.

देवीदासची आई पार्बताबाई कुंपणापलीकडून ऐकत असे. "मास्तरीणबाई, पोट्टीले अजून 'भाकर' म्हणता येत नाई धड, अन् तुमी तिच्यापासून चिनी शिकून राहिल्या?"

"शिकतो ना. उद्या चीनले जायचं काम पडलं तं?"

"जा बाप्पा. येताना रेशमाचं लुगडं आणजा माह्यासाठी." मग आवाज खाली करून, "पर मले एक सांगा, ते सोताले आपा काहून म्हणते? पलीकडचे लोक विचारतात, देवीदासनं मुसलमानीण केली होती काय?"

शकुनची आई तिला आ-फा म्हणायची. फा म्हणजे फूल. मी पार्बताबाईला तसं सांगितलं. झेंडूवाल्याच्या घरचीच ती बाई. "फूल," म्हणाली, "मंग ठीक हाय," आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती नातीला आपाच म्हणू लागली.

आकडे मात्र मी शिकवले नाहीत आणि शकुननं मला शिकवले नाहीत. ते पोरींनी आपसात केलं. मळ्यात फुलं तोडायला शेजारच्या माळ्याची कौशल्या आणि तिच्या दोन बहिणी येत. शकुन टोपलीत झेंडू टाकताना आपल्या बोलीत मोजी. सातापासून पुढे ती म्हणे ते पोरींच्या कानाला असं लागलं: चाट, बाट, गाव, साप. सात, आठ, नऊ, दहा. सापाला पोरी किंचाळून पळाल्या. झालं, खेळ ठरला. एकीनं डोळे झाकून मोजायचं, बाकीच्यांनी जवळ जवळ यायचं, आणि साप आला की पळायचं. सगळ्याजणी शकुनसारखंच मोजत, कारण तसं नाही मोजलं तर ती राज्य मान्य करीत नसे. "चाट" उंच, "बाट" मधे, "गाव" खालून वर उचललेलं, आणि "साप" एकदम खाली बसलेला. धाकटी सुभद्राही बोबडं मोजायची. मला त्यात नुसती पोरींची आरडाओरड ऐकू येई.

त्या मोजण्यातच पाच आला. पाचाला शकुन तोंड मिटून नाकातून नुसता हुंकार काढी. मी तो दोनचारदा ऐकला आणि थांबले. तो ङ होता. आपला ङ, मुळाक्षरांतला. तीस वर्षं मुली मला विचारत आल्या, 'बाई, हे अक्षर कायले हाय? याचा तं शब्दच नाई.' मी म्हणे, असू दे, गिरवा. आणि आता एक पोर माझ्या ओट्यावर बसून नुसता ङ म्हणत होती आणि त्याचा अर्थ पाच होता.

मला राहवलं नाही. मी आतून वही आणली, ङ लिहिला आणि तो म्हणून तिला दाखवला. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "पाच," म्हणाली, मराठीत.

तिथून मी लिहीत सुटले. आकडे त्यांच्या खेळात होते, ते सोडून बाकी सगळं. पाणी, हात, डोळा, कुत्रा, ये, बस. फान म्हणजे भात. पोपो म्हणजे आईची आई. आणि एक अख्खं वाक्य: सिक फान मेय, भात खाल्लास का. त्यांच्याकडे कोणी भेटलं की आधी हेच विचारतात, आपल्याकडे 'जेवण झालं काय' म्हणतात तसं. आजीला पहिलं वाक्य हेच म्हणायचं, असं आम्ही ठरवलं. वहीत त्रेचाळीस शब्द झाले. शकुन अक्षरं शिकली, मग शब्द वाचू लागली. दसऱ्याला ती सगळी वही खणखणीत वाचत होती, शेवटचं अक्षर वर ओढून, जशा माझ्या शाळेतल्या मुली वाचायच्या. हात हवेत फिरवणं बंद झालं. मला वाटलं, माश्या कमी झाल्या.

एकदा ती वाचत असताना देवीदास पालकाच्या जुड्या घेऊन ओट्यावरून गेला. "सिक फान मेय," शकुननं त्याला वाचून दाखवलं. तो उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. मग जुड्यांना पाणी मारायला निघून गेला. मी वहीत तारीख टाकली.

म्हातारी कार्तिकात आली. नागपूरकडून येणाऱ्या गाडीनं, मुलाबरोबर. शकुनचा हा मामा कलकत्त्यात सुतारकाम करायचा आणि मोडकं हिंदी बोलायचा. म्हातारी लहानखुरी होती, काळा सदरा-विजार, पायांत कापडी जोडे. दोन दिवसांच्या प्रवासानं तिचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला होता. पार्बताबाईनं तिच्या पायांवर पाणी घातलं, तिला खाटेवर बसवलं आणि मग दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहत बसल्या. बोलायला काही नव्हतं.

मी शकुनच्या पाठीला हात लावला. ती पुढे झाली. हात जोडले, मान ताठ केली आणि वहीतल्यासारखं म्हणाली, "पोपो, सिक फान मेय?" सारं उंच आवाजात, मेय तर चांगला वर ओढला.

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. शकुनला वाटलं, ऐकू आलं नाही. ती आणखी मोठ्यानं म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली.

"क्या बोलती है?" मी मामाला विचारलं.

तो ओशाळला. "बोलती है... वापस जाने को मालूम है क्या?"

पार्बताबाईनं कपाळावर हात मारला. "घ्या! दोन दिवस गाडीत बसून आली बिचारी, अन् पोट्टी म्हणते वापस जा!"

म्हातारीनं शकुनच्या गालाला हात लावला, शकुन मागे सरकली, आणि तो हात पुन्हा मांडीवर जाऊन बसला.

मी देवीदासकडे पाहिलं. तो दाराशी होता. मी बाहेर जाऊन त्याला विचारलं, "काय चुकलं?"

"चाल," तो म्हणाला. "भाताचा फान खाली ठेवाचा रायते. पाण्यानं भरलेली गुंडी ठेवतो तसा. सारं वाक्यच खाली. वर गेलं की फान म्हणजे परत जाणं, अन् सिक म्हणजे माहीत असणं."

"तुले माहीत होतं? तवाच ऐकलं होतं तू?"

"हाव."

"मंग काहून सांगितलं नाई रे?"

"सांगाले बोलून दाखवा लागलं असतं, बाई."

हात हवेत वर-खाली होत होता, तो मी दोन महिने पाहिला होता. तिची बोली त्या हातात होती, आणि मी तिला वही दिली. माझ्या बाराखडीत वर-खाली नाही. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले.

शकुन तोवर अंगणात निघून गेली होती. तिथे कौशल्या आणि तिच्या बहिणी पाहुणी बघायला आल्या होत्या आणि पाहून झाल्यावर करमेना म्हणून खेळायला लागल्या होत्या. राज्य कौशल्यावर होतं. ती पेरूच्या झाडाला तोंड लावून ओरडत होती. यात, यी, साम, सेय, ङ...

आत खाट करकरली.

...लुक, चाट, बाट, गाव...

म्हातारी दारात आली. माळ्याची सावळी पोर, नाकात मोरणी, झाडाशी उभी राहून तिच्या गावच्या सुरात मोजत होती. म्हातारीच्या ओठांवर दहावा आकडा आला, आणि तो तिनं मोठ्यानं म्हटला, खाली बसवून. "साप!"

पोरी चारी दिशांना पळाल्या. सुभद्रा गडबडली आणि म्हातारीच्याच विजारीला जाऊन चिकटली. म्हातारी दचकली. मग तिनं खेळ ओळखला. ती झाडाशी गेली, सुरकुतलेल्या हातांनी डोळे झाकले आणि पहिल्यापासून मोजायला लागली.

कौशल्यानं मला विचारलं, "बाई, या आजीले आमचा खेळ कसा येते?"

मी शकुनकडे पाहत होते. ती पळाली नव्हती. ती म्हातारीच्या मागे तीन पावलांवर उभी होती आणि प्रत्येक आकड्याला तिचा हात हवेत हलत होता. वर, मधे, खालून वर, खाली.

दहा झाल्यावर म्हातारी वळली आणि समोर शकुन दिसली. शकुन म्हणाली, "पोपो, सिक फान मेय." या वेळी ओढलं नाही, वाचलं नाही. तिन्ही शब्द एकामागे एक जमिनीवर ठेवले. हात खाली होता.

म्हातारीनं उत्तर दिलं. लांब उत्तर होतं. त्यातलं मला एकच कळलं, आ-लान, कारण ते तिनं दोनदा म्हटलं आणि दोन्हीदा शकुनचं तोंड चाचपलं. शकुनच्या आईचं नाव मला त्या दिवशी कळलं. आम्ही कोणी ते कधी विचारलंच नव्हतं.

म्हातारी चार दिवस राहिली. शकुनला फार शब्द येत नव्हते, जे येत होते ते पुन्हा पुन्हा वापरून दोघींनी ते दिवस काढले. बाकीचा वेळ मोजण्यात गेला. झेंडू, मिरच्या, भाकरी, स्टेशनवर कापसाचे गठ्ठे. वही मी फाडली नाही, कोनाड्यात ठेवली. शकुननंही मागितली नाही.

गाडी गेल्यावर आम्ही स्टेशनवरून चालत आलो. देवीदास तसाच मळ्यात गेला आणि वाफा फोडू लागला. शकुन बांधावर उभी राहिली.

"बा," ती म्हणाली, "सिक फान मेय."

त्याचा हात फावड्यावर थांबला. पाणी एका वाफ्यातून भरून दुसऱ्यात जाऊ लागलं, तरी त्यानं ते वळवलं नाही. मी कुंपणाशी होते.

"सिक जो," तो म्हणाला. खाल्लं.

त्याची भाकर सकाळपासून फडक्यात बांधून पेरूच्या फांदीला लटकत होती.