पालथ्या बाजूनं वाचलेला मंत्र

दरीवरचा पूल तुटलेला होता, पलीकडे राक्षस उभा होता आणि उज्ज्वलाच्या हातात उडण्याच्या मंत्राची गुंडाळी होती. हे सगळं अर्थात खेळात. प्रत्यक्षात ती तांड्यावरच्या आपल्या ओसरीत मांडी घालून बसली होती.

खेळ इंद्रजीतदादाचा. तो यवतमाळला इंजिनिअरिंगला. सुट्टीत घरी, बोरी अरबला, आला की फासे घेऊन यायचा आणि गोष्ट सांगायला बसायचा. गोष्टीत पुढं काय करायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंच्या फाशानं.

"वाच मग," उज्ज्वलाचा भाऊ राजकुमार म्हणाला. खेळात तो तलवारवाला. "मले उडव. त्या राक्षसाले पाहून घेतो."

"अन आम्ही?" अर्पितानं विचारलं. ती इंद्रजीतची बहीण, खेळात धनुष्यवाली.

"तुमी इकडून टाळ्या वाजवा."

आजवर असंच चालायचं. जादूगारीण उज्ज्वला, पण कोणता मंत्र कधी टाकायचा ते राजकुमार ठरवायचा आणि ती मान डोलवायची. गेल्या आठवड्यात मात्र शाळेच्या कार्यक्रमात तिनं बोलायला माईक हातात घेतला आणि सरांनी मागितला तरी आपलं म्हणणं संपेपर्यंत सोडला नाही. तेव्हापासून मान डोलवणं तिला जमतच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "गुंडाळी एकदाच चालते. तू जाशील, आम्ही इथंच. त्यापरीस मी मंत्र शिकते. माझ्या पोथीत उतरला का रोज एक जण पलीकडं."

"अन नाही उतरला तं?"

"तं गुंडाळी जळून जाते," इंद्रजीत शांतपणे म्हणाला. "तिघंही इकडंच. मागून लांडगे येऊन राह्यले."

"घ्या. हिच्या शिकण्यापायी आपण मेलो."

"मंत्र माझा आहे, भाऊ. मी ठरवीन."

इंद्रजीतनं फासा पुढं केला, पण सोडला नाही. "शिकशील कशी, ते सांग. प्रत्येक जादूगाराची लिहायची तऱ्हा वेगळी. ही गुंडाळी लिहिणाऱ्याचं अक्षर तुले वाचता येईल, पण तसं लिहिता येत नाही."

उज्ज्वला थबकली. पलीकडे याडी, म्हणजे तिची आई, काचळीवर, म्हणजे आपल्या चोळीवर, भरतकाम करत होती. दारव्ह्याच्या बाजारात कुणाच्या अंगावर नवा टाका दिसला की याडी त्या बाईला थांबवायची आणि ओढणीचा काठ पालथा करून बघायची. वरून नुसतं फूल दिसतं. दोरा कुठून निघाला, कुठं वळला, ते मागून. मग तोच टाका घरी आपल्या रंगात.

"मी गुंडाळी पालथी करून उजेडात धरते," उज्ज्वला म्हणाली. "शाई कुठं दाट उतरली, त्याचा हात कुठं थांबला, कुठं वळला, ते मागून दिसते. त्याचं अक्षर मले कायले पाहिजे? हात कसा फिरला ते घेते, अन माझ्या अक्षरात घालते."

इंद्रजीतनं फासा खाली ठेवला. "हे कोणी शिकवलं तुले?"

"याडीनं."

"मी काय केलं?" याडीनं सुई थांबवून विचारलं.

"काई नाही. तू भर."

"युक्ती पटली. दोन फासे टाक," इंद्रजीत म्हणाला. "मोठा आकडा धर. तेराच्या वर पाहिजे."

पहिल्यावर चार आले. राजकुमारनं कपाळाला हात लावला. दुसरा गडगडत भिंतीला आपटला आणि सतरावर थांबला.

"गुंडाळीची राख झाली," इंद्रजीत म्हणाला, "अन मंत्र तुह्या पोथीत. रात्री झोप झाली का सकाळपासून वापरता येईल."

राजकुमार लगेच सरसावला. "चाल मंग, उद्या मी पयला."

"पहिली अर्पिता. ती तिकडून बाण मारेल, तेव्हा बाकीचे जातील."

"अन मी?"

"तू परवा," उज्ज्वला म्हणाली. "आज रात्री लांडगे हाकल. मले झोपायचं आहे."